घोडबंदर रोडवरच्या सोसायटी कमिट्यांना खुले पत्र: गच्चीवरचं ऊन आणि गेटवरची किल्ली

प्रति,
चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व कमिटी मेंबर,
कापूरबावडीपासून गायमुखपर्यंतच्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्या,
ठाणे पश्चिम

सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की तुमच्या टेबलावर कोटेशनं येऊन पडतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, टाक्यांची सफाई. वरच्या मजल्यावरचे मेंबर गेल्या पावसातल्या गळक्या सिलिंगचे फोटो ग्रुपवर पुन्हा टाकायला लागतात, कॉन्ट्रॅक्टर भाव कमी करतो, आणि एप्रिलच्या मीटिंगमध्ये काम ठरतं. अट एकच, पावसाच्या आत उरकायचं. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या आठवड्यांत, इमारतीतल्या सगळ्यात तापलेल्या जागी आपण माणसं चढवतो. मुद्दाम कुणी करत नाही. पण दरवर्षी होतं तसंच.

मी तेहतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये अजून सगळे 'सिस्टर'च म्हणतात आणि बीपी मोजायला दार वाजवतात. आमच्या कमिटीला हे सगळं मी तोंडी सांगितलंय, लेखीही दिलंय. पण वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवलीच्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं की गच्ची सगळीकडे तीच आणि वॉचमनची केबिनही तीच. म्हणून हे उघड पत्र.

गेल्या मे महिन्यातली दुपार. जेवून, एसी लावून मी आडवी झाले होते. पावणेतीनला इंटरकॉम वाजला. "सिस्टर, खाली या ना जरा, गच्चीवरच्या पोराला कायतरी झालंय." खाली गेले तर त्याला केबिनमधल्या बाकावर झोपवलेलं. पत्र्याची केबिन, पश्चिमेला तोंड, आणि क्लबहाउसच्या एसीचं आउटडोअर युनिट बरोबर तिच्या खिडकीत गरम हवा सोडतंय. पोरगा वीस-एकविसाचा. हातांवर डांबर, शर्ट घामाने चिंब. डोळे उघडे होते, पण तो बघत कुठेच नव्हता. मधेच आईला हाक मारायचा, मधेच शिव्या द्यायचा, मग कसलेतरी आकडे मोजायचा. मुकादम म्हणाला, "रात्री घेतली असंल मॅडम, उतरली नाय अजून." कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, ऊन लागलं की अंग कोरडं पडतं. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. कोविडच्या वेळची ती कपाळावर धरायची गन ड्रॉवरमध्ये होती. तिने ९९ दाखवलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मी काखेत थर्मामीटर धरला. १०५.

तो आधी गच्चीवरच अर्धा तास तसा होता, हे मला नंतर कळलं. बडबडायला लागला तेव्हा सोबत्यांनी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवला. खाली आणायचं ठरलं तर सर्व्हिस लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट अडकलेलं. रहिवाशांच्या लिफ्टमध्ये डांबराच्या कपड्यांची माणसं चालतील का, हे वॉचमनने फोन करून विचारलं. विचारलं! त्याला काय बोलणार, नियम आपणच छापून लिफ्टच्या दाराशी लावलाय.

मी गाड्या धुवायचा पाइप आणायला सांगितला, शर्ट कापायला लावला, त्याला केबिनमधून काढून स्टिल्टखाली सावलीत फरशीवर घेतलं आणि पाण्याची धार धरली. "टँकरचं पाणी आहे सिस्टर," मागून आवाज आला. कुणाचा ते मी वळून पाहिलं नाही, बरंच झालं. ग्रुपवर मेसेज टाकला, 'बर्फ घेऊन खाली या'. पाच मिनिटांत ट्रे आले, मटारची पाकिटं आली, एका आजींनी फ्रीजरमधला आमरसाचा डबा आणला. तोही काखेत लावला. दोघे जण पुठ्ठ्याने वारा घालत होते. १०८ ला फोन लावून पस्तीस मिनिटांनी गाडी आली. मेट्रोचं काम, ट्रकची रांग, आणि वर आमच्या सोसायटीला दोन गेट, त्यातल्या बंद गेटवर ती आधी जाऊन उभी राहिली.

पोरगा वाचला. पण मूत्रपिंडांना धक्का बसला होता, चार वेळा डायलिसिस करावं लागलं. मग तो गावी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गच्चीवर गॅसचा टॉर्च पुन्हा पेटला, आणि पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात एक ओळ आली, 'कामगारास किरकोळ त्रास'. त्या कामाला मंजुरी देताना हात वर करणाऱ्यांत मीही होते. काम कुठल्या वेळी करणार, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता, कॅज्युअल्टीत इतके उन्हाळे काढूनसुद्धा.

आता त्या बाकाभोवती जे बोललं गेलं त्याबद्दल थोडं. कारण ते सगळं तुमच्याही गेटवर बोललं जाणार आहे.

घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हे अर्धसत्य आहे. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा कातडी बहुधा गरम आणि कोरडी सापडते. पण राबणाऱ्या तरुण माणसाचं शरीर आतून तापतं, स्नायू चालू असतात, आणि तो कोसळतो तेव्हाही घामाने भिजलेला असू शकतो. म्हणून घाम बघू नका, डोकं बघा. नाव काय, आज वार कुठला, कोणाबरोबर कामाला आलास, हे तीन प्रश्न विचारा. नीट उत्तरं दिली, फक्त चक्कर, मळमळ, पायांत गोळे, डोकं दुखतंय, तर तो उन्हाने थकलाय. सावलीत झोपवा, पाय उशीवर, कपडे सैल, ओले फडके, आणि घोटघोट पाणी किंवा ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर दवाखाना. पण उत्तरं चुकली, बडबड सुरू झाली, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत चालला, आकडी आली, तर तो उष्माघातच धरा. शरीराच्या आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या, आपल्या घरच्या थर्मामीटरवरच्या १०४ च्या वर गेलं की मेंदू असा बोलायला लागतो. दारूचा वास आला तरी हेच. प्यायलेल्यालाही ऊन लागतं, उलट लवकर लागतं.

ती कपाळाची गन या कामासाठी बाद. ओल्या, वारा लागलेल्या कातडीचं तापमान ती सांगते, आत काय पेटलंय ते नाही. काखेतला थर्मामीटरसुद्धा कमीच दाखवतो, तेव्हा तो १०२ म्हणाला आणि माणूस बरळत असेल तर विश्वास माणसावर ठेवा. कांद्याशी माझं वैर नाही. माझी आजी उन्हात जाताना पदराला कांदा बांधायची. खिशात ठेवा, भाकरीबरोबर खा. फक्त माणूस पडल्यावर कांदा शोधण्यात मिनिटं घालवू नका. क्रोसिनही नको. तापाच्या गोळ्या तापावर चालतात, हा ताप नव्हे. शरीराने स्वतः वाढवलेलं तापमान गोळी उतरवते. उन्हाने चढवलेलं ती उतरवू शकत नाही, आणि ॲस्पिरिन तर रक्तस्रावाचा धोका वाढवतं.

'आपल्याकडे कुठे नागपूरसारखं ऊन असतं', हे वाक्य मी दर मीटिंगला ऐकते. खारघरचं आठवा. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखो माणसं. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता, पंचेचाळीस नव्हे. १४ जण गेले. हवामान खातंसुद्धा किनारपट्टीला वेगळी फूटपट्टी लावतं. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ पासूनच, तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलेलं असेल तर. कारण इथे घाम गळतो, सुकत नाही. अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. नुसता ओघळून जमिनीवर पडलेला घाम म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि मीठ. ज्या दिवशी दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत दमट राहतात, त्या दिवशी गच्चीवरच्या माणसाच्या अंगावरचा घामही सुकत नाही, असं समजा. त्यात आपण खाडीच्या कुशीत आणि समुद्राच्या बाजूला येऊरचा डोंगर आडवा. शाळेत शिकलेले ते खारे वारे पूर्वेच्या गरम वाऱ्यांशी झगडून मुंबईत शिरतात, आणि आपल्यापर्यंत पोचेस्तोवर दुपार संपलेली असते.

मूळ मुद्दा मात्र पहिल्या दहा मिनिटांचा आहे. बाकी अपघातात आपल्याला शिकवलेलं असतं की माणसाला आधी हॉस्पिटलला पळवा. इथे उलटं. १०८ ला फोन लगेच करायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही आणि कुणाच्या तरी कारमध्ये कोंबून ट्रॅफिकमध्येही घालायचं नाही. आधी थंड करायचं, तिथेच, गेटवर. शरीर किती तापलं यापेक्षा किती वेळ तापलेलं राहिलं त्यावर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं वाचणार की नाही हे ठरतं, आणि अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणता आलं तर माणूस सुटण्याची शक्यता खूपच वाढते. सोसायटीत यासाठी लागणारं सगळं आहे. नळ आहे, पाइप आहे, शंभर फ्रीज आहेत. आणि वॉटरप्रूफिंगच्या सामानात हमखास असते ती ताडपत्री. माणसाला ताडपत्रीवर झोपवायचं, पाच-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या म्हणजे तिची काहिलीसारखी खोळ होते, त्यात पाणी आणि बर्फ ओतायचं आणि ते अंगावरून फिरत राहील असं हळूहळू हिंदकळवायचं. एकाने फक्त डोकं सांभाळायचं, तोंड-नाक पाण्याच्या वर. ताडपत्री नसेल तर पाण्याची धार आणि वारा. बर्फ मानेला, काखांत, जांघेत. लाज बाजूला ठेवून कपडे काढा, बाई असेल तर बायकांनी गराडा करावा. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला किंवा थंडीने कुडकुडायला लागला की थांबा.

पोहण्याच्या तलावात उतरवू नका, हे खास सांगते, कारण आमच्याकडे एका उत्साही मेंबरने तेच सुचवलं होतं. बेशुद्ध माणूस गुडघाभर पाण्यातही बुडतो. आणि जो धड बोलत नाही त्याच्या तोंडात पाणी, पन्हं, ग्लुकोज, काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. आकडी आली तर दातांत चमचा, किल्ली नको, फक्त डोकं आपटणार नाही एवढं बघा. शुद्धीवर आल्यावर "आता बरं वाटतंय, जाऊ द्या" म्हणेल, मुकादम तर लगेच म्हणेल. जाऊ देऊ नका. यकृत आणि मूत्रपिंडं एक-दोन दिवसांनी बोलतात. चहासारखी लघवी होऊन तिसऱ्या दिवशी आलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक माणूस गेटवर उभा करा, ॲम्ब्युलन्स आत घ्यायला. फोनवर सोसायटीच्या नावाबरोबर जवळची खूण सांगा, सर्व्हिस रोडने यायचं की हायवेवरून ते सांगा, आणि कुठलं गेट उघडं आहे ते. हे चार शब्द केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून लावायला पाच रुपये लागत नाहीत.

आता किल्लीबद्दल. हे लिहिताना मला राग येतो, तर जरा सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या एका बाईंना मी एप्रिलमध्ये विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? त्या म्हणाल्या, सकाळी निघताना एक पेला, मग घरी जाऊन. सकाळी आठ ते दुपारी तीन, पाच घरं. तहान लागत नाही का? "लागते की ताई. पण मग जायचं कुठं?" बेसमेंटचं टॉयलेट 'स्टाफसाठी' आहे, त्याला कुलूप, किल्ली ऑफिसात, ऑफिस अकराला उघडतं आणि एकला बंद होतं. पाच घरांत सात टॉयलेटं आहेत, ती त्या रोज घासतात. वापरू कुणी देत नाही, त्याही मागत नाहीत. वॉचमनचंही तेच. बारा तासांची ड्यूटी, जाड पॉलिएस्टरचा युनिफॉर्म, बूट, टोपी. पाणी प्यावं तर गेट सोडावं लागतं, गेट सोडावं तर कुणीतरी सीसीटीव्हीत बघून तक्रार करतं. आपण केबिनबाहेर 'पक्ष्यांसाठी पाणी ठेवा'चा बोर्ड लावलाय. छान आहे, ठेवावंच. पण तहान दाबून काम करणारी माणसं आपल्याच आवारात आहेत, आणि त्याचं कारण पाण्याची टंचाई हे नाही, कुलूप हे आहे.

तेव्हा ती किल्ली गेटवर खिळ्याला टांगा. केबिनच्या पत्र्यावर गवताचा किंवा थर्माकोलचा थर, वर शेडनेट, एसीचं युनिट दुसरीकडे वळवा. माठ ठेवा, रोज धुऊन भरला जाईल याची जबाबदारी एकाला द्या. युनिफॉर्म सुती करा. एजन्सीचा लोगो सुती कापडावरही उमटतो. डिलिव्हरीच्या पोरांना भर दुपारी बाहेर उन्हात एंट्री करायला लावू नका आणि बाराव्या मजल्यासाठी लिफ्ट नाकारू नका, एवढं तर कुठल्या ठरावाशिवाय करता येईल.

गच्चीच्या कामाचं खरं औषध वर्क ऑर्डरमध्ये आहे. कामगाराला सांगून उपयोग नाही, तो चौरस फुटाच्या भावावर असतो, बसला की पैसे बुडतात. कॉन्ट्रॅक्टरला तोंडी सांगूनही नाही. लिहून घ्या, की एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते दुपारी चार गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर काम बंद. सकाळी साडेसहाला सुरू करायला परवानगी. मला माहीत आहे, साडेसहाला खडखड झाली की तक्रार येणार. येऊ द्या. दोन आठवडे सगळे लवकर उठतील. तापवून चिकटवायच्या डांबरी शीटचं काम शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीतच घ्या, कारण तिथे वरून ऊन आणि हातात गॅसची ज्वाला. गळती पावसाळ्यात दिसते, दिवाळीत कोटेशन मागवता येतं. आपणच मार्च उजाडेपर्यंत झोपतो. गच्चीवर तात्पुरती सावली, पिण्याचं पाणी तिथेच, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न बघता. आणि कुणी एकट्याने काम करायचं नाही. ज्याचं डोकं फिरायला लागतं त्याला स्वतःला ते कळत नाही, जोडीदारालाच कळतं.

नव्या माणसावर विशेष लक्ष. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि गावी जाऊन लग्नं उरकून सावलीत राहून आलं की ती मोडते. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था सांगते की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्साच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. आमच्या गच्चीवरचा तो पोरगा कामावर येऊन तीन दिवस झाले होते.

बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांचं वेगळं पत्र होईल. एवढंच सांगते, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारी माणसं कोण आहेत याची यादी कमिटीकडे असू द्या आणि दुपारी चारला कुणीतरी बेल वाजवा. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आमच्या कमिटीने यातलं काय केलं? किल्ली लागली. अकरा ते चारची अट 'पुढच्या मीटिंगमध्ये विचारात' आहे. मीटिंग येत्या रविवारी आहे आणि कोटेशन मी पाहिलंय, काम २० एप्रिलला सुरू व्हायचंय. ती अट लिहिलेली नसेल तर या वेळी माझा हात खाली राहील, आणि का, ते मी उभी राहून सांगेन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, घोडबंदर रोड, ठाणे

ता. क. ताडपत्री कुठली, असं दोघांनी विचारलं. आठ बाय दहा फुटांची, जाड, भोकं नसलेली. केबिनमध्ये घडी करून ठेवा, स्टोअररूममध्ये नको, तिला कुलूप असतं. बर्फासाठी क्लबहाउसच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या दहा बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा. ओआरएसची पाकिटं केमिस्टकडून घ्या आणि पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच पाणी (मोठ्या पाकिटाला एक लिटर), ना कमी ना जास्त. त्याच रंगाच्या खोक्यात मिळणारी गोड सरबतं नकोत. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. कैरीचं पन्हंही चालेल, माणूस नीट बोलत असेल तर.